शेंड्याचं पान

आमच्या निपाणीकडे तंबाखूचा भाव ठरायला दहा सेकंद लागायचे. हे मी उगाच वाढवून सांगत नाहीये, लहानपणी मी खरंच मनातल्या मनात मोजायचे. व्यापाऱ्याचा माणूस यायचा, बोदात हात खुपसून मूठभर तंबाखू काढायचा, तळहातावर चोळायचा, नाकाशी न्यायचा, उरलेली खाली झटकायचा आणि एक आकडा बोलायचा. संपलं. जूनमध्ये तरू, म्हणजे रोपांसाठी बी, टाकल्यापासून ते संक्रांतीनंतर पान वाळवून भरेपर्यंत आण्णांनी, आईनं, आम्ही भावंडांनी जे काय केलं होतं त्याचा निकाल त्या एका आकड्यात. आण्णा काही बोलायचे नाहीत. तो माणूस गेला की खाली सांडलेली तंबाखू उचलून स्वतः एकदा नाकाशी न्यायचे, जणू आपलंच काही चुकलं का ते बघायला.

आज मी फ्लोरिडात राहते, आणि वर्षातून पाच-सहा वेळा घराच्या मागच्या पडवीत बसून एक सिगार ओढते. त्या एका सिगारीला मी दीड तास देते. फोन आत ठेवते, वही घेऊन बसते. लोकांना ही चैन वाटते आणि ती आहेच, वीस डॉलरच्या घरातली वस्तू जाळून टाकायची म्हणजे चैनच. पण मला मनापासून वाटतं की पानाला एवढा वेळ द्यायलाच पाहिजे, कुणीतरी कधीतरी.

ही गोष्ट ज्या सिगारीची आहे ती म्हणजे पाद्रोन १९६४ अ‍ॅनिव्हर्सरी, साईज एक्सक्लुसिव्हो, मादुरो, म्हणजे काळ्या पानाची. साडेपाच इंच लांब, ५० रिंग गेज. रिंग गेज म्हणजे जाडी, एका इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले ५०, म्हणजे पाऊण इंचापेक्षा थोडी जास्त. गोल नाही, चौकोनी, कडा जरा मऊ झालेल्या वडीसारखी, कारण वळून झाल्यावर ती दाबून बसवतात. रंग काळपट चॉकलेटी. गळ्यात दोन पट्ट्या, आणि खालच्या पट्टीवर प्रत्येक सिगारीचा वेगळा नंबर छापलेला, नकली माल फार निघायला लागला म्हणून त्यांनी ते सुरू केलं.

नावात १९६४ आहे ते कंपनीचं वर्ष. होसे ओर्लांदो पाद्रोन हे क्युबाच्या पिनार देल रिओ भागातल्या तंबाखूवाल्या घरातले, जन्म १९२६ चा. क्रांतीनंतर जमीन गेली, ते देश सोडून शेवटी मायामीला आले. सरकारी मदतीवर दिवस काढत होते तेव्हा एका मित्रानं त्यांना एक छोटी हातोडी दिली, त्या हातोडीवर संध्याकाळी सुतारकाम करून त्यांनी ६०० डॉलर साठवले आणि १९६४ मध्ये एका वळणाऱ्या कारागिरावर धंदा सुरू केला. त्या घराण्याला आजही ती हातोडी देवासारखी आहे. १९७० मध्ये त्यांनी निकाराग्वातल्या एस्तेली गावात कारखाना टाकला, कारण तिथल्या मातीत क्युबन बियाणाचं पान त्यांना क्युबासारखं लागलं. मग १९७८ उजाडलं. निकाराग्वाचा हुकूमशहा सोमोसा, त्याच्याविरुद्धच्या उठावात कारखाना जळाला. त्याच वर्षी क्युबातल्या राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी बोलणी करायला गेलेल्या शिष्टमंडळात ते होते, हजारो माणसं सुटली त्यातून, पण फिडेल कॅस्ट्रोला सिगार देतानाचा त्यांचा फोटो छापून आला आणि मायामीतल्या काही चिडलेल्या लोकांनी त्यांच्या जागेवर बॉम्ब टाकले, एकदा नाही, बऱ्याचदा. नंतर १९८५ मध्ये रेगनच्या सरकारनं निकाराग्वाच्या मालावर बंदी घातली ती १९९० पर्यंत. एवढं सगळं होऊनही माणूस पान सोडत नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये, ९१ व्या वर्षी ते गेले. मी त्यांना कधी भेटले नाही, पण हे सगळं वाचताना मला आमच्याकडचं १९८१ आठवत राहतं, तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या हाकेवर निपाणीजवळ पुणे-बेंगलोर हायवेवर बैलगाड्या घेऊन बसलेली माणसं, आणि सहा एप्रिलचा गोळीबार. मी तेव्हा अगदीच लहान होते. आण्णा त्या रस्त्यावर होते. घरी आले तेव्हा त्यांच्या धोतराला दुसऱ्या कुणाचंतरी रक्त होतं असं आई सांगते, आण्णा अजून सांगत नाहीत.

असो. सिगारीकडे येते.

पेटवायच्या आधीच निम्मं कळतं. मी आधी दोन बोटांमध्ये धरून टोकापासून टोकापर्यंत हलकं दाबत जाते, कुठं पोकळ लागतंय का, कुठं गाठ आहे का. गाठ असेल तर धूर अडतो, पोकळ असेल तर भसाभसा जळते आणि गरम होते. ह्या सिगारीत बोट कुठंही अडखळलं नाही. मग वरच्या पानावर अंगठा फिरवला, पानाला तेल होतं. आमच्याकडे असंच म्हणतात, पानाला तेल आहे. इंग्रजीत सिगारवाले पण ऑइल म्हणतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

वास घ्यायचा तो दोन ठिकाणी, वरच्या पानाचा आणि जिथं पेटवतात त्या टोकाचा. सिगारीवर लिहिणारे लोक लेदर, कोको, सीडार, एस्प्रेसो असं लिहितात. पहिली दोन-तीन वर्षं मी पण तसंच लिहायचे आणि वही वाचताना मला ती कुणा दुसऱ्याची वाटायची. मग एक दिवस ठरवलं की नाकाला जे आठवेल तेच लिहायचं. ह्या पाद्रोनच्या वरच्या पानाला मी लिहिलंय, नवी कोल्हापुरी वहाण, कागदातून काढल्या काढल्या. टोकाला, काकवी, आणि तिच्या खाली तागाच्या पोत्याचा वास. हे माझ्यासाठी बरोबर आहे, कारण गुऱ्हाळ आणि वखार दोन्ही आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं.

आता पानांचं थोडं सांगते कारण त्याशिवाय चवीचं बोलण्यात अर्थ नाही. सिगारीत तीन थर असतात. बाहेरचं दिसणारं पान ते कापा, त्याच्या आत बांधून ठेवणारं कापोते, आणि मधलं भरण त्रिपा. आपल्या विडीत बाहेरचं पान टेंभुर्णीचं, तंबाखूचं नाहीच, त्यामुळे विडी आणि सिगारीत फक्त लहानमोठेपणाचा फरक नाही, मुळातच फरक आहे. सिगारीत सगळंच तंबाखू. भरणातली पानं पण झाडाच्या कुठल्या भागावरची आहेत त्याप्रमाणे लावतात. खालच्या भागातलं सेको, ते पातळ, वासाला चांगलं आणि चटकन जळतं. मधलं विसो. आणि शेंड्याकडचं लिगेरो, ज्यानं सगळ्यात जास्त ऊन खाल्लंय, जाड, चिकट, कडक, जळायला मंद. म्हणून लिगेरो नेहमी बरोबर मध्यभागी ठेवतात, कडेला ठेवलं तर सिगार वाकडी जळते.

निकाराग्वात तंबाखूचे चार भाग मानतात. एस्तेलीची काळी जड माती, तिथलं पान दांडगं. हालापाचं खोरं होंडुरासच्या सीमेला लागून, तिथलं पान गोडसर. कोंदेगा दोन्हीच्या मधलं. आणि ओमेतेपे म्हणजे निकाराग्वा सरोवरातलं बेट, दोन ज्वालामुखी एकमेकांना चिकटून उभे आणि त्यांच्या राखेतली शेती. ओमेतेपेला मला जाता आलं नाही. एस्तेलीला मात्र काही वर्षांपूर्वी जानेवारीत चार दिवस जाऊन आले.

मानाग्वाहून उत्तरेला गाडीनं अडीच-तीन तास, रस्ता चढत जातो तशी हवा थंड होते. गावात शिरायच्या आधीच वास आला. नवरा म्हणाला कसला वास येतोय, आणि मला बोलताच येईना. एका कारखान्यानं आम्हाला आत नेलं, तिथं एका अंधाऱ्या लांबलचक हॉलमध्ये पानांच्या छातीइतक्या उंच थप्प्या रचलेल्या होत्या. पिलोन म्हणतात त्याला. वाळवलेली पानं थोडी ओली करून अशी रचली की ती आपोआप आतून तापतात, चाळीस-पन्नास डिग्रीपर्यंत, मध्ये थर्मामीटर खुपसलेला असतो. फार तापली की थप्पी मोडायची, आतली पानं बाहेर आणि बाहेरची आत करून परत रचायची. असं महिनोन् महिने. त्या तापण्यात पानातला अमोनिया निघून जातो, डोळ्यांतून पाणी येतं त्या हॉलमध्ये, आणि पानातला उग्रपणा, कच्चेपणा हळूहळू जातो. मादुरोचं काळं पान म्हणजे रंग लावलेलं पान नव्हे, त्याला हे तापणं जास्त मिळालेलं असतं. त्यानंतर पुन्हा वर्षानुवर्षं गाठोड्यात ठेवायचं. १९६४ अ‍ॅनिव्हर्सरीसाठी पाद्रोन चार वर्षं मुरलेलं पान वापरतात. चार वर्षं! आमच्याकडे चार महिने माल घरात राहिला तर आण्णांना झोप लागायची नाही, सोसायटीचं कर्ज, दुकानदाराची उधारी, पावसाळ्याआधी घर शाकारायचं. पान मुरवायला पानाआधी पैसा लागतो हे मला त्या हॉलमध्ये उभं राहून कळलं.

वळायच्या खोलीत बहुतेक बायका होत्या. दोघादोघांची जोडी असते, एकजण भरण आणि कापोते बांधून लाकडी साच्यात ठेवतो, दुसरी कापा चढवते. कापा चढवणारीच्या हातात चावेता, अर्धचंद्रासारखं बिनमुठीचं पातं. पान पसरते, एका झटक्यात कडा कापते, तिरकं गुंडाळत वर नेते, टोकाला वनस्पतीचा डिंक लावून टोपी बसवते. तिच्या बोटांकडे बघत मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. तिची नखं काळी होती. माझ्या आईची असायची तशीच, तंबाखूचा चीक एकदा बसला की रॉकेलनं पण निघत नाही, आणि त्या हातांनी भाकरी खाल्ली की भाकरी कडू.

तिथं त्यांनी आम्हाला नुसत्या लिगेरोची एक छोटी वळलेली नळी ओढायला दिली, पान ओळखता यावं म्हणून. तीन झुरक्यांत मला घाम फुटला, पोटात ढवळलं, मी बाहेर येऊन पायरीवर बसले. आणि ती मळमळ ओळखीची होती. आठ-नऊ वर्षांची असताना दिवाळीनंतर पहाटे दवात भिजलेल्या तंबाखूत बगलेतले फुटवे मोडायला गेले होते, दुपारपर्यंत उलट्या करून आडवी झाले होते. तेव्हा घरातले म्हणाले ऊन लागलं. ऊन नव्हतं ते, ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात गेलं होतं, हे फार उशिरा कळलं.

तर पेटवणं. टोपी अगदी वरच्यावर कापायची, खाली गेलं तर कापा उलगडते. मग ज्योत टोकाला न लावता जरा लांब धरून, सिगार फिरवत, कड शेकायची. पापड भाजताना जशी नजर ठेवतो तशी. सगळीकडे लाल झालं की पहिला झुरका. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवायचा आणि सोडायचा, थोडा नाकातून. नाकातून सोडल्याशिवाय निम्मी चव कळतच नाही, कारण जिभेला चार-पाच गोष्टीच कळतात, बाकी सगळं नाकाचं काम.

पहिले पाच मिनिटं मिरी. काळी मिरी, नुकतीच कुटलेली, नाकात झणका. मग ती मिरी मागे सरकते आणि गोडवा येतो, साखरेचा नाही, गुळाचा, कढईच्या कडेला करपलेल्या गुळाचा. पहिला तिसरा भाग असाच जातो. मधल्या भागात सिगार खरी खुलली. भाजलेले शेंगदाणे, मग शेंगदाण्याचं साल, मग जायफळ अगदी पुसटसं, आणि खाली सतत ती वहाण. धूर दाट, तोंडात साईसारखा बसणारा. राख पांढरी-करडी, इंचभर होऊनही पडली नाही, लांब पानाचं भरण असल्याची ती खूण. जळण्याची रेघ जवळपास सरळ.

मला ह्या सिगारीत सगळ्यात मोठं काय वाटतं सांगू, ती एकसारखी आहे. उड्या मारत नाही. काही लोकांना हे कंटाळवाणं वाटेल, दर दहा मिनिटांनी नवीन चव पाहिजे असणाऱ्यांना दुसऱ्या सिगारी आहेत, पण चार-पाच वेगळ्या शेतांतलं, वेगळ्या उंचीवरचं, वेगळ्या वर्षांचं पान एकत्र करून असा एक सूर लावणं किती अवघड आहे हे ज्यानं पान हाताळलंय त्याला कळेल. मी हीच सिगार वेगवेगळ्या वर्षी सात-आठ वेळा ओढलीय, वहीतली पानं शेजारी ठेवली तर एकाच हातानं एकाच दिवशी लिहिल्यासारखी वाटतात.

शेवटचा भाग मी बिघडवला. चव आवडली म्हणून झुरके भरभर घेतले, मिनिटाला एक पुरे असतो, मी दोन घेत होते, सिगार तापली आणि कडूपणा आला. खाली ठेवली, पाच मिनिटं हात लावला नाही, थोडी सावरली. कॉफीची पूड आणि मिरी परत आली. बोटांना चटका बसायच्या आधी ठेवून दिली, तिची ती विझली. सिगार चुरगाळून विझवत नाहीत.

मार्क देण्याची पद्धत आहे. १९९२ पासून निघणारं सिगार अफिशनाडो नावाचं अमेरिकन मासिक १०० पैकी मार्क देतं, पट्टी काढून, कुठली सिगार आहे ते न सांगता ओढायला देऊन, ९० च्या वर आउटस्टँडिंग, ९५ च्या वर क्लासिक. पट्टी न बघता ओढणं हे मला फार न्यायाचं वाटतं. पण माझ्या हातून आकडा लिहिला जात नाही. पेन तिथं आलं की मला तो तळहात झटकणारा माणूस दिसतो. मी वहीत शब्द लिहिते आणि थांबते.

एक सांगायलाच हवं, धूर छातीत घेत नाही म्हणून सिगार निरुपद्रवी होत नाही. निकोटीन तोंडाच्या कातडीतून जातंच आणि तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचा धोका खरा आहे. माझ्या आज्जीची मिसरी मी बघितलीय, तव्यावर भाजताना घरभर ठसका, आणि शेवटची दोन वर्षं तिला काय झालं ते पण बघितलंय. म्हणून वर्षाला पाच-सहा, जास्त नाही, आणि ज्याला सवय नाही त्याला मी कधीच आग्रह करत नाही.

मागच्या डिसेंबरात निपाणीला गेले तेव्हा बॅगेत एक पाद्रोन नेली. आण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. गालात पांढरा चट्टा निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून चंची बंद केली, पंधरा वर्षं झाली. मी त्यांना सांगितलं की आण्णा, मी ही ओढते कधीकधी. हे सांगायला मला किती वर्षं लागली. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बग आता, तुज्या आज्जीला कळलं असतं तर." मग हात पुढे केला. "आन हिकडं."

मला वाटलं नाकाशी नेतील आणि परत देतील. त्यांनी चष्मा लावला, आईला ओलं फडकं मागितलं, सिगार त्यात पाच-दहा मिनिटं गुंडाळून ठेवली आणि मग मांडीवर पेपर पसरून ती सोडायला घेतली. टोपी अंगठ्याच्या नखानं उचलली, कापा उलट दिशेनं उलगडत नेलं, कुठं फाटलं नाही. उजेडात धरून बघितलं, मधली जाड शीर काढलेली बघून मान हलवली. मग कापोते. मग भरणातलं एकेक पान सुटं करून, मांडीवर सपाट करून, एकाशेजारी एक लावलं. मी एक शब्द बोलले नाही. पाचव्या पानावर बोट थांबलं. ते पान त्यांनी चोळलं, परत चोळलं, नाकाशी नेलं आणि तिथंच ठेवलं, बराच वेळ.

"ह्ये शेंड्याकडचं हाय," म्हणाले. "मधोमध घातलं हुतं न्हवं?"

मी हो म्हटलं. त्यांना लिगेरो हा शब्द सांगितला, त्यांनी दोनदा म्हणून बघितला. किती वर्षांचं पान आहे ते सांगितलं. "चार वरसं," ते म्हणाले, आणि त्या शेतकऱ्याला पैसे कधी मिळतात ते विचारलं, चार वर्षांनी की आधी. तिथं बऱ्याच कंपन्यांची स्वतःचीच शेती असते असं मी सांगितलं. पाद्रोनची पण. "मग बरं हाय," एवढंच.

मग काडी ओढून त्यांनी कापाचा एक तुकडा पेटवला, ज्योत फुंकली आणि निखारा सरकत जाताना बघत राहिले. राख पांढरी पडली. धूर माजघराकडे गेला तशी आई आतून म्हणाली, "गूळ कुनी करपवला गं?"

आण्णांनी बाकीची पानं गोळा केली, शेंड्याचं वेगळं ठेवलं. पेपरचा चौकोन फाडून त्यात ते बांधलं, बोदातला नमुना बांधायचे तशी घट्ट पुडी, माझ्याकडून पेन मागून वर तारीख घातली आणि देवळीत ठेवून दिली.